बोका ट्रेमध्ये बसून राहतो, कुत्री उलटी करते: किती वेळ थांबायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात तीन वर्षांचा बोका आणि आठ वर्षांची लॅब्रॅडॉर कुत्री आहे. बोक्याने कालपासून खाणं कमी केलंय. कुत्री अधूनमधून उलटी करते आणि हल्ली पाणी जास्त पिते. कुत्र्या-मांजरांचे नेहमीचे आजार घरच्या घरी ओळखता यावेत म्हणून तुम्हाला लक्षणांची यादी हवी आहे. गोचिडांचंही विचारलंय. आणि शेवटी, जाता जाता, तुम्ही लिहिलंय की बोका सारखा लिटर ट्रेमध्ये जाऊन बसतो, कुंथतो, 'बहुतेक बद्धकोष्ठ असावं, थोडं तेल पाजू का?'

यादी राहू द्या. त्या शेवटच्या ओळीने मला दचकायला झालं.

आधी उठून ट्रे बघा. सकाळपासून लघवीचा एखादा मोठा ओला गोळा दिसतोय का? ट्रे कोरडा असेल, किंवा इथे एक थेंब तिथे एक थेंब असं असेल, तर पुढचं वाचत बसू नका. बोक्याला पिंजऱ्यात घाला आणि दवाखाना गाठा. रात्र असली तरी. तेल तर मुळीच पाजू नका. जबरदस्तीने पाजलेलं तेल श्वासनलिकेत जातं, आणि मग लघवीबरोबर फुप्फुसाचाही इलाज करावा लागतो.

घाई का, ते सांगते. बोक्याचा मूत्रमार्ग टोकाकडे फार अरुंद असतो. मूत्राशयाला सूज आली, लघवीत खडे किंवा बारीक स्फटिक तयार झाले, त्यात चिकट स्राव मिसळला की तिथे बूच बसतं. बोका कुंथतो, ट्रेमधून बाहेर येतो, पुन्हा आत जातो, मागचा भाग चाटत बसतो. बघणाऱ्याला हे हुबेहूब बद्धकोष्ठासारखं दिसतं. मात्र शी दोन दिवस अडली तर सहसा फारसं बिघडत नाही, लघवी दोन दिवस अडली तर बोका दगावतो. मूत्रपिंडं काम थांबवतात, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदयाचे ठोके मंदावत जातात. पहिल्या दिवशी तो ओरडतो, लपतो. नंतर उलट्या सुरू होतात. मग तो शांत पडून राहतो, अंग गार लागतं, आणि घरच्यांना वाटतं की जरा आराम पडला. मी पाहिलेल्या वाईट केसेस बहुतेक याच टप्प्यावर आलेल्या आहेत: 'काल खूप ओरडत होता, आज बरा वाटतोय, फक्त झोपून आहे.'

नसबंदी झालेल्या बोक्यातही हे होतं. भाटीचा मूत्रमार्ग रुंद आणि आखूड असल्यामुळे तिच्यात पूर्ण अडथळा क्वचित येतो, पण तीही कुंथत असेल तर दाखवायलाच हवं. तुमच्या बोक्याला नुसते थेंब नाही, तर थोडी थोडी का होईना खरंच लघवी होत असेल तर नुसती मूत्राशयाची सूज असू शकते. घरात नवा माणूस, नवं जनावर, सामानाची हलवाहलव अशा ताणानेही मांजरांना ती होते. मग तासांची नाही, पण त्याच दिवसाची गोष्ट होते. यातलं नेमकं काय आहे हे लिहून सांगता येणार नाही. पोटाला हात लावला की दहा सेकंदांत कळतं, कारण अडलेलं मूत्राशय लिंबासारखं टणक आणि ताणलेलं लागतं. तुम्ही मात्र ते दाबून बघू नका. फुटू शकतं.

आता यादीकडे. यादी द्यायला माझी ना नाही, पण तिने काम होत नाही. कुत्र्या-मांजरांकडे आजार दाखवायच्या तऱ्हाच मोजक्या: खात नाही, ओकतं, पातळ होतं, मलूल पडून राहतं. कचऱ्यातलं काहीतरी खाल्लं तरी उलटी, मूत्रपिंड निकामी झालं तरी उलटी, आतड्यात चेंडू अडकला तरी उलटीच. लक्षणावरून आजाराचं नाव शोधायला गेलात तर एकाच लक्षणासमोर वीस नावं सापडतील आणि त्यातलं सर्वांत सौम्य नाव मनाला पटेल. बद्धकोष्ठाचं तसंच झालं.

रात्री-अपरात्री फोन येतो तेव्हा मीही 'काय झालंय' हे ओळखायच्या भानगडीत पडत नाही. माझ्या हातात किती वेळ आहे, एवढंच आधी ठरवते. त्यासाठी चार गोष्टी विचारते: श्वास कसा चाललाय, हिरड्यांचा रंग काय, उभं राहतंय का, लघवी झाली का. उलटीचा रंग, शीचा वास वगैरे त्यानंतर.

श्वास मोजायचा तो जनावर गाढ झोपलेलं असताना. छाती एकदा वर आणि एकदा खाली म्हणजे एक श्वास. निरोगी कुत्रा-मांजर झोपेत मिनिटाला 30 च्या आत राहतं. दोन-तीन वेळा मोजून आकडा सतत त्याच्या वर दिसत असेल तर हृदयात किंवा फुप्फुसात काहीतरी चाललंय असं समजून त्याच दिवशी दाखवा. कुत्रा दमल्यावर, उकडल्यावर जीभ काढून धापा टाकतो, त्यात काही नाही. मांजर तसं करत नाही. तोंड उघडं ठेवून श्वास घेणारं, मान पुढे ताणून बसलेलं मांजर म्हणजे ताबडतोब दवाखाना. नेताना त्याला घट्ट धरू नका, तोंडात काही घालू नका. त्या अवस्थेत झटापट केली तर रस्त्यातच जीव जाऊ शकतो.

हिरड्यांसाठी ओठ वर करून दाताच्या वर बोटाने दाबा आणि सोडा. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, तिथे डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा. पांढरट रंग म्हणजे रक्त कमी झालंय किंवा रक्ताभिसरण ढासळलंय. पोटात रक्तस्राव असू शकतो, गोचिडांमुळे होणारा ताप असू शकतो. पिवळेपणा म्हणजे कावीळ. निळसर म्हणजे प्राणवायू पोहोचत नाही. मांजराच्या हिरड्या चॉकलेटी-मातकट झाल्या असतील तर मी पहिला प्रश्न विचारते, 'तापाची गोळी दिली का?' माणसांची पॅरासिटामॉल मांजराला पचवता येत नाही. अर्धी गोळीही जीव घ्यायला पुरते. देणाऱ्याने ती मायेनेच दिलेली असते, आणि तसं विचारताना मला दर वेळी अवघड होतं. आयबुप्रोफेनचंही तेच, कुत्र्यालासुद्धा ते देऊ नये.

तुमची गोचीड-पिसवांची औषधं तपासा, हेही याच ओघात. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं. ते मांजराला लागलं तर अंग थरथरायला लागतं, झटके येतात. तुमच्या घरात दोघं एकत्र झोपत असतील तर कुत्रीला काय लावता हे बोक्याच्या डॉक्टरांना सांगायलाच हवं.

ताप नाकाला हात लावून कळत नाही. ओलं नाक म्हणजे बरं आणि कोरडं नाक म्हणजे आजारी, हा समज इतका चिवट आहे की मी त्यावर वाद घालणं सोडून दिलंय. साधा डिजिटल थर्मामीटर, टोकाला थोडं व्हॅसलीन, आणि गुदद्वारातून मोजणं, हाच मार्ग. दोघांचंही नेहमीचं तापमान आपल्यापेक्षा जास्त असतं, साधारण 38 ते 39.2 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.5 ते 102.5 फॅरनहाइट. तेव्हा 101 बघून घाबरू नका. 40 च्या पुढे गेलं तर त्याच दिवशी दाखवा. 37 च्या खाली गेलं तर त्याहून लवकर, कारण आजारी जनावराचं अंग गार पडणं हे मला तापापेक्षा जास्त वाईट वाटतं. उन्हात किंवा बंद गाडीत राहिलेल्या कुत्र्याचं तापमान 41 च्या वर गेलं तर तो उष्माघात. तिथे क्रम असा, की आधी अंगावर भरपूर पाणी ओतून वारा घाला आणि मग गाडीत घाला. गार न करता नेण्यात जी वीस मिनिटं जातात त्यातच मेंदू आणि आतडी भाजून निघतात. बसक्या नाकाच्या जातींना तर हे सावलीत खेळतानाही होऊ शकतं.

आता तुमची कुत्री. तुम्ही एक गोष्ट लिहिलेली नाही आणि माझं सगळं उत्तर तिच्यावर अवलंबून आहे: तिची नसबंदी झालेली आहे का?

झाली नसेल, तर शेवटचा माज कधी होता ते आठवा. माज संपल्यावर चार ते आठ आठवड्यांच्या सुमारास, वयस्क कुत्रीत, गर्भाशयात पू होणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. गर्भाशयाचं तोंड उघडं असेल तर घाण वासाचा स्राव दिसतो आणि लोक वेळेवर येतात. तोंड मिटलेलं असेल तर बाहेर काहीच दिसत नाही. आत पू साठत राहतो. जंतूंच्या विषामुळे मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवता येत नाही, म्हणून लघवी खूप होते, म्हणून तहान खूप लागते. मग खाणं कमी, अधूनमधून उलटी. तुमच्या चार ओळींत यातल्या दोन गोष्टी आहेत.

एक कुत्री माझ्याकडे आली ती 'घरात शू करायला लागलीय, वळण बिघडलंय' या तक्रारीवर. चालत आली, शेपूट हलवली, टेबलावर उभी राहिली. पोटाला हात लावल्यावर ती किंचित ताठरली, एवढंच. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या दोन्ही शिंगांच्या, म्हणजे दोन फाट्यांच्या, जागी दोन फुगलेल्या नळ्या दिसल्या. शस्त्रक्रिया करून बाहेर काढलेलं गर्भाशय ताटात मावत नव्हतं. मालकीणबाई म्हणाल्या, 'हिला मी आठवडाभर शू घरात केली म्हणून रागावत होते.' ती वाचली. आणखी दोन दिवस गेले असते तर सांगता आलं नसतं.

नसबंदी झालेली असेल तर चित्र बदलतं. मग मधुमेह, मूत्रपिंड, यकृत, कॉर्टिसॉल वाढवणारा कुशिंगचा आजार असे प्रश्न पुढे येतात आणि रक्त-लघवी तपासल्याशिवाय उत्तर मिळत नाही. तिथे तुम्हाला दोन दिवस आहेत, आणि त्या दोन दिवसांत एक काम करा: ती किती पाणी पिते ते मोजा. भांड्यात मोजून ओता, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेलं मोजा. दिवसाला वजनाच्या दर किलोमागे 100 मिलिलिटरपेक्षा जास्त होत असेल, म्हणजे 30 किलोच्या कुत्रीला 3 लिटरच्या वर, तर ते नक्की जास्त आहे. बोका त्याच भांड्यातून पीत असेल तर भांडी वेगळी करा. पाणी कमी मात्र करू नका. ती लघवीतून जातंय म्हणून पिते, पाणी तोडलं तर दिवसभरात कोरडी पडेल.

नुसत्या उलटीबद्दल. एकदा ओकली, मग उड्या मारते, खायला मागते, पाणी टिकतं, तर मी एक दिवस थांबते. पाणीही बाहेर येत असेल, उलटीत रक्त असेल, तासाभरात तीन-चारदा झाली असेल तर थांबत नाही. आणि एक प्रकार असा की त्यात उलटी होतच नाही: कुत्रा उमासे काढतो, बाहेर फक्त फेस येतो, अस्वस्थपणे फेऱ्या मारतो, पोट फुगून ढोलासारखं वाजतं. हा जठराला पीळ पडल्याचा प्रकार. खोल छातीच्या मोठ्या जातींत जास्त, पण लॅब्रॅडॉरमध्येही होतो. यात काही तासांत जीव जातो आणि शस्त्रक्रियेशिवाय सुटका नाही. जठर फुगलेलं असताना पोटात वाऱ्याचं औषध देऊन सकाळची वाट बघणारे लोक मला भेटलेले आहेत. त्यांना दोष देत नाही, नाव 'पोटफुगी' असल्यावर माणूस आणखी काय करणार.

पिल्लांना यातली कोणतीच सवलत देऊ नका. लस अपुरी असलेलं पिल्लू ओकतंय, मलूल आहे, रक्ताची दुर्गंधी हगवण आहे, तर कुत्र्यात पार्वो आणि मांजरात पॅनल्यूकोपेनिया हे विषाणूंचे आजार गृहीत धरूनच आम्ही सलाईन लावतो. पार्वो कुत्र्यांत पहिल्यांदा 1978 च्या सुमारास जगभर पसरला, त्याची लस कधीचीच आहे, आणि अजूनही मरणारी बहुतेक पिल्लं लस न झालेलीच असतात.

मांजराच्या न खाण्याचं गणित कुत्र्यापेक्षा वेगळं आहे. कुत्र्याने एक दिवस उपास केला तर बिघडत नाही. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगावरची चरबी यकृतात उतरायला लागते आणि मूळ आजार बाजूला राहून यकृतच निकामी व्हायला लागतं. म्हणून तुमच्या बोक्याची लघवी सुरळीत निघाली, तरी 'भूक लागली की खाईल' असं म्हणत तिसरा दिवस उजाडू देऊ नका. तोंडही बघायला हवं. एका मांजराला खाणं बंद म्हणून दात तपासायला आणलं होतं. तोंड उघडून जीभ अंगठ्याने खालून वर ढकलली, तर जिभेच्या मुळाशी एक बारीक पांढरी रेघ. शिवणाचा दोरा. एक टोक जिभेला वेढा घालून अडकलेलं, दुसरं पार आतड्यात पोहोचलेलं. असा दोरा तोंडात किंवा मागून लोंबताना दिसला तर ओढू नका. आतडी त्यावर चुणीसारखी गोळा झालेली असतात, ओढला की दोरा त्यांना करवतीसारखा कापतो.

विषांची मोठी यादी इथे देत नाही. चॉकलेट, द्राक्षं आणि मनुका, कांदा-लसूण, झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ, आणि मांजरांसाठी लिलीची फुलं एवढी नावं तरी घरात सगळ्यांना माहीत हवीत. लिलीचे नुसते परागकण अंगावरून चाटले तरी मांजराचं मूत्रपिंड जातं. फसवतो तो मधला काळ. उंदीर मारायचं, रक्त पातळ करणारं विष खाल्लेला कुत्रा दोन-तीन दिवस अगदी ठणठणीत असतो, आणि मग रक्तस्राव सुरू होतो. कांद्याने रक्तपेशी फुटतात त्याही काही दिवसांनी. 'खाल्लं तर खरं, पण काही झालं नाही' हे ऐकून मी निर्धास्त होत नाही. वेष्टन घेऊन या, किती वाजता आणि साधारण किती खाल्लं ते सांगा. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. मिठानेच रक्तातलं सोडियम वाढून झटके येतात. ॲसिडसारखं काही प्यायलं असेल तर उलटीत ते दुसऱ्यांदा घसा जाळतं, आणि रॉकेल फुप्फुसात जातं.

झटके आले तर तोंडात हात किंवा चमचा घालू नका. आजूबाजूचं सामान सरकवा, घड्याळ बघा आणि दुसऱ्या कुणाला व्हिडिओ काढायला सांगा. पाच मिनिटांत थांबले नाहीत, किंवा एका दिवसात पुन्हा आले, तर लगेच निघा. स्वभाव अचानक बदललाय, आवाज घोगरा झालाय, लाळ गळतेय, गिळता येत नाहीये, असं दिसलं तर घशात हाड अडकलंय का हे बघायला हात घालू नका. रेबीजही असाच दिसतो. चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ लागली असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांकडे जा. रेबीजची लक्षणं सुरू झाल्यावर औषध उरत नाही.

हे सगळं झालं धावपळीचं. हळू चालणारे आजार मात्र रोज बघणाऱ्यालाच दिसत नाहीत, आणि याचा पुरावा माझ्याच घरात आहे. माझी मांजर बारा वर्षांची. छान खायची, उलट आधीपेक्षा जास्त खायची, पहाटे उठवून मागायची. मी कौतुकाने सांगायचे की या वयातही भूक बघा. एकदा पाहुणी म्हणून आलेल्या मैत्रिणीने तिला उचललं आणि म्हणाली, 'अगं, ही किती हलकी झालीय.' काट्यावर ठेवली. वर्षापूर्वी 4.6 किलो होती, आता 3.8. माणसाच्या हिशोबाने 60 किलोचा माणूस 50 वर यावा तसं. थायरॉइड वाढलेलं होतं, वयस्क मांजरात नेहमी सापडणारं. दिवसाला वीस जनावरं तपासणाऱ्या बाईला स्वतःच्या मांडीवरचं मांजर दिसलं नाही. तेव्हापासून महिन्यातून एकदा तिला घेऊन काट्यावर उभी राहते, मग एकटी उभी राहते, आणि वजाबाकी कॅलेंडरवर लिहिते.

तुम्ही गोचिडांबद्दलही विचारलंय, ते लवकर आटोपते. ताप, फिक्या हिरड्या, नाकातून रक्त किंवा चहाच्या रंगाची लघवी दिसली तर रक्त तपासून घ्या. अंगावर आत्ता गोचीड दिसत नाही यावरून काही सिद्ध होत नाही.

दवाखान्यात जाताना शेवटची लघवी, शी, खाणं आणि उलटी कधी झाली ते वेळेसकट कागदावर लिहून न्या. बोका टेबलावर भीतीने गोठून बसेल, म्हणून ट्रेमधला त्याचा व्हिडिओ आधीच काढलेला असेल तर दाखवा. नसेल तर त्यासाठी थांबू नका. कुत्रीची नसबंदी झालीय का आणि शेवटचा माज कधी होता, एवढं मला कळवा, म्हणजे तिच्याबद्दल पुढचं लिहिता येईल. बोक्याबद्दल मात्र मला विचारत बसू नका, त्याचा ट्रे बघा.